सापशिडीच्या घरातले क्रियापद

दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर कार्डशीटची सापशिडी टांगलेली असली, तर आता कोणाला नवल वाटत नाही. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले आणि असे घरगुती शैक्षणिक साहित्य वाढत गेले. शिडीच्या पायथ्याशी 'गो' लिहिलेले असते. भूतकाळी 'वेंट' आले की पोर वर चढते. सापाच्या तोंडाशी 'ही गो टू स्कूल' असते, ते 'ही गोज' असे सुधारले की साप सोडून देतो. हा खेळ विलायती अध्यापनपद्धतीतून, डीएडच्या वर्गातून खाली आला, असे सरसकट मानतात. व्याकरण तिकडून आले हे खरे, पण पटाची वाट वेगळी आहे.

सापशिडीचे जुने रूप म्हणजे मोक्षपट किंवा ज्ञानचौपड, आणि त्याच्या घरांत मुळातच मजकूर होता. वैष्णवांच्या ७२ घरांच्या पटावर क्रोध, लोभ, दया, दान अशी नावे असत आणि भक्तीच्या घरातली शिडी थेट वैकुंठाला जाई. जैनांचा पट ८४ घरांचा. सोंगटी पडली की घराचे नाव डोळ्यांखालून जायचे, म्हणजे खेळ हीच उजळणी. हा पट ज्ञानेश्वरांनी रचला अशी महाराष्ट्रात परंपरा आहे, पण आज उपलब्ध असलेले बहुतेक जुने पट १८व्या शतकापासूनचे आहेत आणि ज्ञानेश्वर १३व्या शतकातले. मधली चारशे-पाचशे वर्षे श्रद्धेने भरता येतात, पुराव्याने नाही. माझ्या मुद्द्याला मात्र ज्ञानेश्वर लागतच नाहीत. १८९०च्या दशकात हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला, तेव्हा आधी तिकडचे सद्गुण-दुर्गुण घरांत आले, मग तेही गळाले आणि उरले १ ते १०० आकडे. पटाची माती झाली, असा गळा काढणारे पुष्कळ आहेत. मला उलट वाटते. घर रिकामे झाले म्हणूनच मास्तरांना तिथे क्रियापद बसवता आले. क्रोध आणि लोभ जागेवर असते, तर 'ईट-एट'ला कोणी थारा दिला असता?

यावर तगडा आक्षेप आहे. युरोपात १६व्या शतकापासून ६३ घरांचा हंसाचा खेळ होता, त्यातही मागे ढकलणारी घरे होती. १७५९ साली लंडनमध्ये युरोपच्या नकाशावर प्रवास करत भूगोल शिकवणारा पट निघाला. मग घरात धडा घालण्याची युक्ती त्यांचीच का नसावी? असेलही, धड्यावर मी हक्क सांगत नाही. पण हंसाच्या खेळात शिडी नाही. चढ आणि घसरण एकाच नजरेत दिसणे ही आपल्या पटाची खूण, आणि वर्गात मुलांचा जीव टांगणीला लागतो तो तिच्यामुळेच. दाने पाडायलाही कित्येकदा फासा नसतोच. फोडलेले चार चिंचोके असतात, सगळे उताणे पडले तर चार, सगळे पालथे तर आठ. हा हिशेब अष्टचंग या देशी खेळाचा, त्याला विलायती प्रशिक्षण लागत नाही.

खरा नवा शोध मात्र पटाचा नाही, नियमाचा आहे. मोक्षपटावर सापाच्या तोंडी पडलेल्याला दाद-फिर्याद नव्हती, कर्म भोगायचेच. इंग्रजी पटावरही तेच, फक्त कर्माच्या जागी नशीब. वर्गातल्या पटावर वाक्य दुरुस्त केले की सुटका होते, आणि 'वेंट' आठवले नाही तर पायथ्याशी उभी असलेली शिडीही चढता येत नाही. दैवाच्या खेळात उत्तराला किंमत आली. हे कोणी सुरू केले याचे नाव इतिहासात सापडायचे नाही. माझा कयास असा, की ते अनेक वर्गांत आपापले सुचले असावे, कारण नुसते दाने टाकून व्याकरण पक्के होत नाही हे दुसऱ्याच डावात कळते. तरी एक खोट राहते. ज्याचे दान साप आणि शिडी दोन्ही चुकवते, तो तोंड न उघडता शंभरावर पोचतो, म्हणून हुशार शिक्षक प्रत्येक घरात शब्द लिहितात आणि वाक्य केल्याशिवाय सोंगटी त्या घरात टेकू देत नाहीत.