फास्टर फेणे: चित्रपटातील पुनरारंभ व वाचकांचा प्रतिसाद

‘फास्टर फेणे’ हा भा. रा. भागवत यांच्या कुमार साहसकथांच्या नायकावर आधारित, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झालेला मराठी चित्रपट आहे. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शन, तर क्षितिज पटवर्धन यांनी लेखन केले. निर्मितीत लातूर जिल्ह्यातील बाभळगावच्या देशमुख कुटुंबातील रितेश देशमुख यांच्या मुंबई फिल्म कंपनीचा सहभाग होता.

पात्रातील बदल

पुस्तकांतील बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर भरधाव फिरणारा शाळकरी मुलगा आहे. चित्रपटात तो (अमेय वाघ) वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण असून परीक्षेतील गैरव्यवहाराचा छडा लावतो. भागवत स्वतःही येथे एक पात्र (दिलीप प्रभावळकर) म्हणून येतात.

प्रतिसाद

दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांनी साकारलेला शाळकरी फेणे एका पिढीच्या मनात ठसलेला होता. त्यामुळे वयाने वाढलेला नायक मूळचाच म्हणावा काय, हा जुन्या वाचकांपुढील प्रश्न ठरला. ‘ट्टॉक्’ हा उद्गार, चौकसपणा व धाडस कायम राहिले, ही जमेची बाजू होय. शाळा, सवंगडी व निरागस खोड्या सुटल्या, ही हळहळ. मुलांच्या वाङ्मयातील मुलांचा नायक मोठ्यांचा झाला, हा या आक्षेपाचा गाभा आहे.