रँच: ओळ, पंगत, वाटी

अर्जेंटिनाच्या पंपास प्रदेशात पाठीवर सॅक टाकून फिरणारा मराठी तरुण घरी कळवतो, ‘रँचवर आहे. घोड्यावर बसून मांड्या सोलवटल्या, पण निखाऱ्यांवर भाजलेल्या बरगड्या, अहाहा!’ यजमानाला हे कळलं तर त्याची भुवई वर जाईल. त्याची ती ‘एस्तान्सिया’, गुरं पाळायची ऐसपैस जागा. ‘रांचो’ म्हणजे तिकडे कुडामातीची झोपडी.

शब्द मात्र तोच. मूळ फ्रेंच ‘रां’, म्हणजे ओळ. त्यावरून ‘ओळीने लावणे’, मग स्पॅनिशमध्ये ‘मुक्काम टाकणे’. आणि ‘रांचो’ म्हणजे शिपायांचं एकत्र जेवण. ओळीतून जेवण! आपल्या ‘पंक्ती’चीही ‘पंगत’ अशीच झाली. (‘रांग’शी नातं जोडायचा मोह लेखकाने कसाबसा आवरला.)

मेक्सिकोत या शब्दाला गुरंढोरं चिकटली आणि तिथून तो इंग्रजीत शिरला. १९५०च्या दशकात स्टीव्ह हेन्सन यांनी कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ पाहुण्यांसाठी ‘हिडन व्हॅली रँच’ सुरू केलं. तिथलं ताक-लसणाचं सॅलड ड्रेसिंग पाहुणे घरी नेऊ लागले आणि रँचचं नाव त्यालाच चिकटलं.

आज अमेरिकेत वेटर ‘रँच?’ असं विचारतो, तेव्हा घोडा येत नाही. येते वाटीभर पांढरी, दाटसर चटणी.