पतपेढीच्या दारात आजही रांगा दोनच

चाकणच्या कारखान्याच्या गेटवर दोन रांगा लागतात. एक कायम कामगारांची, दुसरी कंत्राटी पोरांची. लाईन एक, पाळी एक, कामही तेच. पण घरात आजारपण आलं की फरक कळतो. कायम कामगार पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकतो. कंत्राटी पोराला उत्तर मिळतं, "तुला सभासद होता येत नाही." मग तो सावकाराचं दार धरतो.

हा केवळ नियमाचा प्रश्न आहे, असं आम्ही मानत नाही. त्यामागे शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

इंग्रज सरकारने 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. संस्था कोणी काढायची? एका गावातल्या किंवा शहरातल्या लोकांनी, किंवा निबंधकाच्या मंजुरीने एकाच जमातीच्या, वर्गाच्या वा जातीच्या लोकांनी. म्हणजे जात ही सभासदत्वाची पात्रता म्हणून थेट कायद्यात आली. मुंबईत 1906 साली चित्रापूर सारस्वतांनी शामराव विठ्ठल पतसंस्था काढली, 1918 साली सारस्वत संस्था उभी राहिली. त्यांनी आपल्या माणसांना सावकारापासून सोडवलं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण नोकरी आणि शिल्लक ज्यांच्याकडे होती, त्यांचीच पत उभी राहिली. वतनाच्या तुकड्यावर जगणाऱ्या आमच्या आजोबांनी कोणती शिल्लक गोळा करायची होती?

गिरणीतही तेच. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांची एकी हवी, तर आधी आतली दारं उघडा, असा त्याचा अर्थ होता.

आज कायद्यातून ती अट गेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. मग दार बंद होतं कुठे? 'पात्र' या शब्दात. पात्रता ठरते उपविधीत, आणि अनेक कामगार पतसंस्थांच्या उपविधीत लिहिलेलं असतं, 'कंपनीचा कायम कर्मचारी'. धोट्याच्या जागी आता ठेकेदार आला.

यावर संचालक म्हणतात, हप्ता पगारातून कापता येत नाही, कर्ज बुडेल. पण कलम 49 ची पगारकपात सभासद आणि त्याच्या मालकाशी संबंधित आहे. मजुरी देणारा ठेकेदारही मालकच, असं आमचं म्हणणं आहे. अडचण कायद्याची नाही, इच्छेची आहे.

काही ठिकाणी 'नाममात्र सभासद' करून घेतात. सावध राहा. कलम 24 चा नाममात्र सभासद मत देऊ शकत नाही, नफ्यातही त्याचा वाटा नाही. पैसा आपला, हिशेब विचारायचा हक्क दुसऱ्याचा.

हिशेब विचारणं का गरजेचं, ते पुण्याने आणि पिंपरीने पाहिलं आहे. रुपी बँकेवर 2013 साली रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. पैसे खात्यात, पण हातात नाहीत. ते नऊ वर्षं चाललं आणि 2022 साली परवानाच गेला. 10 ऑक्टोबर 2022 रोजी पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. बँकेत निदान 5 लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमाही नाही. म्हणून तिथे मत असलेला सभासद होणं हेच आपलं संरक्षण.

मग करायचं काय? अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर कलम 22 प्रमाणे अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नाकारलं, तर कारण लेखी मागा आणि निबंधकाकडे अपील करा. उपविधी आड येत असेल, तर कायम कामगारांतल्या आपल्या भावांनी वार्षिक सभेत दुरुस्तीचा ठराव मांडावा. 'जय भीम' म्हणून गळ्यात गळा घालणारे सभेत गप्प बसत असतील, तर तो प्रश्न त्यांनाही विचारावा लागेल. आणि दार उघडलंच नाही, तर आपली संस्था काढा. सहकारी संस्था काढण्याचा हक्क 97 व्या घटनादुरुस्तीने 2012 पासून कलम 19 मध्ये आला आहे. फक्त ती जातीची करू नका. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सामुदायिक शेतीची जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना द्या, असं मांडलं होतं. ज्या दाराने आपल्याला अडवलं, तेच दार आपण दुसऱ्यासाठी बसवायचं नाही.

देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथे आपण दरवर्षी हजारोंनी जमतो. जयंतीची वर्गणी चोख गोळा करणाऱ्या हातांना पतपेढीची वही जड नाही.

जय भीम!