पिल्ले, धनराज

(१६ जुलै १९६८ – ). भारताचे ख्यातनाम हॉकीपटू, राष्ट्रीय संघाचे भूतपूर्व कर्णधार व आघाडीच्या फळीतील खेळाडू. जन्म पुण्यानजीक खडकी येथे, एका तमिळभाषी कुटुंबात. डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४ या जवळजवळ पंधरा वर्षांच्या काळात ते भारताच्या वतीने ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडास्पर्धा आणि चार चँपियन्स करंडक अशा चारही प्रमुख स्पर्धांत प्रत्येकी चार वेळा उतरल्याचे उदाहरण हॉकीच्या इतिहासात विरळा होय. त्यांच्या गोलांची अधिकृत नोंद भारतीय हॉकी संघटनेने ठेवली नाही. सामान्यतः ही संख्या १७० च्या आसपास मानली जाते. ज्या खेळाडूचे सारे कर्तृत्व गोल करण्यात वा करवून देण्यात होते त्याच्याच गोलांची गणती दफ्तरी नसावी, ही उणीव या देशातील हॉकीच्या व्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

आघाडीच्या खेळाडूचे कार्य : हॉकीचे मैदान सुमारे ९१.४ मी. लांब व ५५ मी. रुंद असते आणि प्रत्येक गोलासमोर १४.६३ मी. त्रिज्येने आखलेले अर्धवर्तुळसदृश क्षेत्र असते, ज्याला खेळाडू नुसते ‘डी’ म्हणतात. या क्षेत्राच्या आतून मारलेला चेंडूच गोल म्हणून ग्राह्य धरला जात असल्यामुळे आघाडीच्या खेळाडूचा सारा उद्योग डीमध्ये चेंडूसह शिरणे, किंवा बचावपटूच्या पायाला चेंडू लागून पेनल्टी कॉर्नर मिळेल असा पेच निर्माण करणे, यांपैकी एक साधण्यासाठी चाललेला असतो. स्टिकची केवळ सपाट बाजू वापरता येते, वाटोळी नव्हे. या एका नियमातून भारतीय उपखंडाची सारी कलाकुसर उगम पावली. वर धरलेला डावा हात स्टिक फिरवतो, खालचा उजवा हात सैल राहून तिला दिशा देतो, आणि स्टिक उलटी करून तिच्या टोकाने चेंडू अलगद दुसऱ्या बाजूस खेचता येतो. समोरच्या बचावपटूची डावी बाजू ही त्याची उलट्या स्टिकची, म्हणजे दुबळी बाजू. म्हणून कसलेला आघाडीपटू प्रथम चेंडू त्याच्या उजवीकडे दाखवतो, त्याचा तोल त्या पायावर पडू देतो, आणि तो पाय जड झाला त्याच क्षणी चेंडू आपल्या उजवीकडे ओढून त्याला मागे टाकतो. पिल्ले हे सारे पूर्ण वेगात करीत, हे त्यांचे वैशिष्ट्य. चेंडू खेळवताना बहुतेकांचा वेग मंदावतो. त्यांचा वाढल्यासारखा वाटे, आणि मानेवर रुळणारे केस उडवीत डीकडे झेपावणारी त्यांची आकृती प्रेक्षकांना दुरूनही ओळखू येई.

बालपण व पहिले मैदान : वडील नागलिंगम पिल्ले हे खडकीच्या आयुधनिर्माणीत मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते, आणि कुटुंब कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राही. मिळकत तुटपुंजी, त्यामुळे पिल्ले भावंडांनी मोडक्या स्टिका व टाकून दिलेले चेंडू घेऊन मऊ, चिखलट जमिनीवर खेळाचे पहिले धडे गिरवले. अशा जमिनीवर चेंडू सरळ येत नाही. तो उडतो, अडतो, अवचित वळतो, आणि त्याला काबूत ठेवण्यासाठी मनगट व नजर यांना जे शिक्षण मिळते ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मिळणे दुरापास्त असते. मुलांनी खेळावे हा आग्रह आई आंडाळम्मा यांचा होता. मोहम्मद शाहिद या वाराणसीच्या शैलीदार आघाडीपटूला पिल्ले यांनी मनोमन गुरू मानले होते व त्याच्या चेंडू खेळवण्याचे अनुकरण करण्याचा ध्यास घेतला होता.

खडकीत हॉकी रुजली हा योगायोग नव्हे. महाराष्ट्रात हा खेळ प्रथम लष्करी छावण्या, शस्त्रास्त्रांचे कारखाने, रेल्वेच्या वसाहती व मिशनरी शाळा यांच्या आश्रयाने वाढला, कारण सपाट, निगा राखलेले, वर्षभर खेळण्याजोगे मैदान तेथेच उपलब्ध असे. पूर्वेकडे नागपूरजवळच्या कामठीची छावणी हेही अशा आश्रयस्थानांपैकी एक. त्याच्याही पूर्वेस, गोंदिया जिल्ह्यातील कामठा या जुन्या जमीनदारीच्या गावाच्या परिसरात गेले, म्हणजे हा भूगोल प्रत्यक्ष ध्यानात येतो. हा मुलूख तलावांचा व भाताच्या बांध्यांचा. पावसाळ्यात बांध्यांत पाणी उभे असते, आणि कापणीनंतर जमीन कोरडी झाली तरी धानाची खुंटे व भेगाळलेली ढेकळे यांमुळे चेंडू चार हातही नीट घरंगळत नाही. अशा बांधीत मूल कबड्डी खेळू शकते, विटी-दांडू खेळू शकते, परंतु हॉकीचा आघाडीपटू होऊ शकत नाही. नावांनी कामठा व कामठी जवळची भासली तरी या खेळाच्या दृष्टीने त्यांच्यातील अंतर फार मोठे आहे, आणि ते गुणवत्तेचे नसून जमिनीचे आहे. खडकीच्या मुलांना मैदानाच्या कडेला घर मिळाले होते, कारण वडिलांची चाकरीच त्या मैदानावर होती.

मुंबई व व्यावसायिक संघ : १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास पिल्ले थोरले बंधू रमेश यांच्याकडे मुंबईस राहावयास आले. रमेश हे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी उद्योगाच्या संघातून मुंबईच्या लीग स्पर्धेत खेळत व भारताचेही प्रतिनिधित्व करून चुकले होते. धाकट्या भावाला वेगवान आघाडीपटू म्हणून घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पुढे पिल्ले महिंद्र अँड महिंद्रच्या संघात रुजू झाले, आणि तेथे ऑलिंपिकपटू जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. मुंबईत १८९६ पासून चालत आलेली आगाखान चषक स्पर्धा, चर्चगेटजवळचे हॉकीचे क्रीडागार, आणि रेल्वे, बँका, विमा कंपन्या, तेल कंपन्या व खासगी कारखाने यांचे परस्परांशी झुंजणारे संघ, यांमुळे त्या शहरातील तरुण खेळाडूस वर्षभर कसोटीचे सामने मिळत.

या व्यवस्थेचे मर्म समजण्यासाठी बर्फावरील हॉकीकडे पाहणे उपयुक्त ठरते. उत्तर अमेरिकेतील त्या खेळात एक मध्य व दोन पार्श्व अशी तीन आघाडीपटूंची फळी असते, व ती जेमतेम पाऊण मिनिट जीव तोडून खेळल्यावर दुसऱ्या फळीस जागा देते. तेथील मुलगा किशोरांच्या लीगमधून वर येतो, अठराव्या वर्षाच्या सुमारास वार्षिक निवडीत एखादा व्यावसायिक क्लब त्याचे हक्क घेतो, काही काळ तो दुय्यम लीगमध्ये तयार होतो, आणि नंतर मुदतबंद कराराने मुख्य संघात दाखल होतो. त्याचा चरितार्थ क्लब चालवतो आणि राष्ट्रीय संघ हा त्याच्या कारकिर्दीतील प्रासंगिक सन्मान असतो. भारतातील मैदानी हॉकीत हा क्रम नेमका उलटा राहिला. येथे आघाडीपटूस पगार मिळे तो कारकून, तांत्रिक कामगार वा अधिकारी या हुद्द्यावरील नेमणुकीचा, खेळण्यासाठी मिळे ती भरपगारी रजा, आणि कीर्ती मिळे ती केवळ राष्ट्रीय संघातून. खेळ हा त्याचा व्यवसाय होता, परंतु त्या व्यवसायाचे नाव नोकरी असे होते. पिल्ले स्वतः पुढे इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत गेले व त्या संघाचे आधारस्तंभ ठरले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द : १९८९ मध्ये दिल्लीच्या आशिया चषक स्पर्धेत पिल्ले प्रथम भारताकडून खेळले. लाहोर (१९९०), सिडनी (१९९४), उट्रेख्ट (१९९८) व क्वालालंपूर (२००२) हे विश्वचषक, आणि बार्सेलोना (१९९२), अटलांटा (१९९६), सिडनी (२०००) व अथेन्स (२००४) ही ऑलिंपिके त्यांच्या वाट्याला आली. १९९४ च्या विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात स्थान मिळालेले ते एकमेव भारतीय होते. ऑलिंपिक पदक मात्र त्यांना कधीच लाभले नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्धचा सामना अखेरच्या क्षणी बरोबरीत सुटला आणि हाताशी आलेली उपांत्य फेरी निसटली, हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कडू प्रसंग म्हटला पाहिजे.

हा काळ आघाडीच्या खेळाडूसाठी संक्रमणाचा होता. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून कृत्रिम पृष्ठभाग आला, चेंडू वेगाने व सरळ धावू लागला, आणि कलाकुसरीपेक्षा दमसास व शारीरिक बळ यांची किंमत वाढली. बदली खेळाडू कितीही वेळा आतबाहेर करण्याची मुभा १९९२ मध्ये मिळाली; १९९६ मध्ये प्रयोगादाखल काढलेला ऑफसाइडचा नियम १९९८ पासून कायमचा रद्द झाला, आणि पाच आघाडीपटूंची जुनी पारंपरिक रचना मागे पडून बचावाच्या मागे मोकळी जागा शोधणाऱ्या दोन-तीन चपळ खेळाडूंचे महत्त्व वाढले. चिखलट जमिनीवर घडलेले मनगट आणि नव्या पृष्ठभागाला लागणारा वेग ही दोन्ही ज्या मोजक्या भारतीयांत एकवटली त्यांत पिल्ले अग्रगण्य होते. त्यांच्या दीर्घायुषी कारकिर्दीचे रहस्य येथेच आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर पेनल्टी स्ट्रोकच्या निर्णयाने मात केली. आशियाई सुवर्णपदक यापूर्वी १९६६ मध्ये मिळाले होते, तेही बँकॉकलाच. बत्तीस वर्षांनी त्याच नगरीत ते परत आले, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे खेळाडूही पिल्लेच होते. तथापि या विजयानंतर लगेचच ते व अन्य सहा खेळाडू संघातून वगळले गेले. अधिकृतपणे त्यास विश्रांती असे म्हटले गेले. सामन्यांचे मानधन व सोयीसुविधा यांविषयी त्यांनी उघड तक्रार केल्याची ही शिक्षा आहे असा सार्वत्रिक समज झाला. कारखान्यातील कामगाराप्रमाणेच खेळाडूलाही आपल्या श्रमाचे मोल मागण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या जागेची किंमत देऊन मांडली. पुढील पिढीला मिळालेल्या करारांचा व सन्मानाचा विचार करताना हे विसरता येत नाही. ते संघात परतले, २००२ च्या कोलोन येथील चँपियन्स करंडकात स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, आणि २००३ मध्ये क्वालालंपूर येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४–२ असे हरवून आशिया चषक जिंकला.

परदेशातील क्लब व स्वदेशातील लीग : पगारी नोकरी आणि राष्ट्रीय संघ यांच्या फटीत भारतीय आघाडीपटूस खऱ्या अर्थाने व्यावसायिक खेळ लाभला तो परदेशी क्लबांच्या हंगामी करारांतून. पिल्ले लंडनच्या इंडियन जिमखान्यातून, फ्रान्समधील ल्याँ व जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स या क्लबांतून, मलेशियातील बँक सिंपानान नॅशनल व तेलेकोम मलेशिया या संघांतून, तसेच ढाक्याच्या आबाहनी क्लबमधून खेळले. पुढे भारतात प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली तेव्हा ते मराठा वॉरियर्सचे खेळाडू होते. आणि २०१२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, वर्ल्ड सिरीज हॉकीत कर्नाटक लायन्सकडून निम्म्या वयाच्या बचावपटूंसमोर ते पुन्हा उतरले. आघाडीपटूचा पहिला शत्रू म्हणजे वय, कारण चपळाई गेली की डीमध्ये शिरण्याची वाट बंद होते. त्यांच्या बाबतीत ती वाट असाधारण काळ उघडी राहिली.

सन्मान व उत्तरायुष्य : १९९५ मध्ये अर्जुन पुरस्कार, १९९९–२००० या वर्षासाठी राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार व भारत सरकारची पद्मश्री हे त्यांना लाभलेले प्रमुख सन्मान होत. संदीप मिश्रा यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र फरगिव्ह मी अम्मा या नावाने २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आईने मुलांना मैदानाकडे धाडले तिलाच घातलेली हाक त्या शीर्षकात आहे. निवृत्तीनंतर त्यांनी प्रशिक्षणाकडे लक्ष वळवले, आणि गुजरातमध्ये शासनाच्या क्रीडा प्राधिकरणाने चालवलेल्या हॉकी अकादमीची धुरा सांभाळून, ज्या प्रदेशात या खेळाची परंपरा क्षीण होती तेथे मुलांना घडवण्याचे काम केले.

मूल्यमापन : पिल्ले यांच्या गुणवत्तेचा गौरव सर्वांनी केला आहे, परंतु ती गुणवत्ता फळास येण्यासाठी क्रमाने काय काय मिळावे लागले, हे कमी सांगितले जाते. वडिलांच्या चाकरीने घराशेजारी मैदान आले, भावाच्या नोकरीने मुंबई आली, कारखान्याच्या संघाने पगार व मार्गदर्शक दिला, आणि मग राष्ट्रीय संघाने जग दाखवले. या साखळीतील पहिला दुवा सर्वांत साधा आहे व सर्वांत दुर्मिळही. कामठ्याच्या बांध्यांच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलाच्या मनगटात तीच चपळाई असेलही. त्याच्या वाटेत सपाट, निगा राखलेली शंभर मीटर जमीन आणि तिची निगा राखणारा एक माणूस येईपर्यंत ती चपळाई असल्याचे त्याला स्वतःलाही कळणार नाही. नागलिंगम पिल्ले यांचे काम तेवढेच होते, आणि त्या कामाच्या कडेला भारताचा एक श्रेष्ठ आघाडीपटू वाढला.