मोरचूद, चुना आणि सोलापूरचे डाळिंब

सोलापूर शहराची ओळख कापडगिरण्यांनी आणि नवी पेठेसारख्या व्यापारी पेठांनी घडवली असली, तरी सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या कमी पावसाच्या तालुक्यांना डाळिंबाने हात दिला, आणि त्याच डाळिंबावरील एका रोगामुळे धातूंच्या जिवाणूनाशक संयुगांचा इतिहास या भागाशी जोडला गेला. पानांवर व फळांवर तेलकट डाग पाडून अखेरीस फळ तडकवणारा ‘तेल्या’ हा झँथोमोनास जिवाणूंचा रोग होय. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. महाराष्ट्रातील बागांना त्याची खरी झळ एकविसाव्या शतकाच्या आरंभी बसली, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरातच स्थापन झाले.

या रोगाविरुद्ध बागाइतदारांनी हाती घेतलेले बोर्डो मिश्रण मुळात डाळिंबासाठी नव्हतेच. फ्रान्समधील बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी ते १८८५ मध्ये द्राक्षावरील केवडा या बुरशीजन्य रोगासाठी जाहीर केले. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि एक किलो कळीचा चुना शंभर लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा लाकडी भांड्यात एकत्र करतात, आणि त्यात विळ्याचे स्वच्छ पाते बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे असे समजून आणखी चुना घालतात, कारण ते पाने करपवते. ही साधी परीक्षा रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक आहे.

पानावर वाळलेला निळा थर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दवात उतरलेली, वनस्पतीने व सूक्ष्मजीवांनी स्रवलेली सेंद्रिय आम्ले तांब्याच्या आयनांना धरून थोडे थोडे द्रावणात आणतात. धातूला असे धरणाऱ्या रेणूला लिगंड आणि दोहोंच्या संयुगाला जटिल संयुग म्हणतात. त्यांच्या रचनेचा सिद्धान्त आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडला. पुढे अ‍ॅड्रिएन अल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ऑक्सिन हे सेंद्रिय द्रव्य एकटे जिवाणूंना मारत नाही, लोह किंवा तांबे सोबत असेल तरच मारते. लिगंडामुळे धातूचा विद्युतभार झाकला जाऊन तो पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतो, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

तरीही तांबे हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे: ऊतींत शिरलेल्या जिवाणूंपर्यंत पृष्ठभागावरील थर पोहोचत नाही, म्हणून रोगट फांद्यांची छाटणी, बागेची स्वच्छता आणि पावसाळी मृग बहाराऐवजी हस्त बहार धरणे यांना फवारणीइतकेच महत्त्व द्यावे लागते.