जपानी शब्द आणि मराठी उंबरा

मावळांतील नवलाख उंबरे या गांवाचें नांव ऐकतांच घराचा उंबरा डोळ्यांपुढें उभा राहतो. या गांवाची जमीन आज तळेगांवच्या औद्योगिक क्षेत्रांत मोडते. पुणें, तळेगांव, चाकण या टापूंत जपानी कंपन्या आल्यामुळें तेथील तरुणांस जपानी शिकण्याचें प्रयोजन पडूं लागलें आहे.

या भागाचा जपानशीं संबंध मात्र आजचा नव्हे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या पैसा फंडानें १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना काढला. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता. कारखान्याची धुरा ज्यांनीं वाहिली ते ईश्वरदास वार्ष्णेय कांचेची विद्या जपानांत शिकून आले होते. परदेशची विद्या आणावयाची, तर तिच्याबरोबर तेथील बोलीही थोडीबहुत आणावीच लागते.

ती आणावी कशी, हा खरा प्रश्न आहे. जपानी शब्दांचीं प्रचलित पुस्तकें बहुधा इंग्रजी अर्थ देतात. एका परभाषेंतून दुसरींत जातांना वाटेंत पुष्कळ सांडतें. घरांतून बाहेर पडतांना जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो. इंग्रजी पुस्तक त्याचा अर्थ 'मी निघालों' एवढाच सांगतें. अक्षरशः अर्थ आहे 'जाऊन येतों'! उंबऱ्यावर 'जातों' म्हणूं नये, 'येतों' म्हणावें, हें आपल्या घरांतील मुलांस वेगळें शिकवावें लागत नाहीं. 'ओनीसान' आणि 'ओतोतो' या दोघांसही इंग्रजी 'ब्रदर' म्हणते. मराठी मुलास पहिला दादा व दुसरा धाकटा भाऊ हें तत्काळ उमगतें. 'तोक्यो नि इकिमासु' या वाक्याचें 'टोकियोला जातों' असें शब्दास शब्द लावून भाषांतर होतें. क्रियापद दोहींकडे शेवटींच येतें.

याहून जुना एक धागा आहे. कूकाई हा बौद्ध भिक्षु ८०६ सालीं चीनहून जपानांत परतला, तेव्हां त्यानें संस्कृत लिहिण्याच्या सिद्धम् लिपीचे ग्रंथ बरोबर नेले. या लिपीच्या अभ्यासाचा ठसा जपानी अक्षरमालेवर उमटला. अ, इ, उ, ए, ओ आणि पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व हा क्रम आपल्या वर्णमालेची आठवण करून देतो. त्यांतील 'ह' चा उच्चार प्राचीन काळीं 'प' सारखा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे 'म' च्या आधीं तो कां, हेंही कळतें. वाडगा किंवा कुंडी या अर्थाचा 'हाची' हा शब्द आपल्या 'पात्रा'चाच चिनी वाटेनें गेलेला वंशज होय.

एवढ्यावरून या दोन भाषा सगोत्र ठरत नाहींत, आणि चिनी चित्राक्षरांचे कष्टही टळत नाहींत. इंग्रजीचा द्वेष करा, असेंही आम्ही म्हणत नाहीं. कारखान्यांत तिची गरज आहेच. आमचें म्हणणें इतकेंच, कीं वहींत इंग्रजी अर्थाशेजारीं मराठी अर्थाचा एक रकाना असावा. 'जिन्-रिकि-शा', म्हणजे मनुष्य-शक्ति-वाहन, या जपानी शब्दाची 'रिक्षा' इंग्रजीच्या हातून आपल्या दारांत येऊन घरची झाली. पुढील शब्द आपण स्वतः आणूं शकतों.