सायकलीचा सांगाडा : लाकूड, पोलाद आणि कर्ब



गेल्या श्रावणांत माझ्या पुतण्यानें मजपुढें एक तंटा निवाड्यासाठीं आणला. त्याच्यापाशीं अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, वांकड्या हँडलाची, शर्यतीच्या धर्तीची एक सायकल होती. ती विकून, पदरची भर घालून, कार्बनच्या सांगाड्याची त्यांतल्या त्यांत स्वस्त सायकल घ्यावी असें त्याच्या मनानें घेतलें होतें. स्वस्त म्हणजे तरी लाखाच्या पुढें! माझे वडील बंधू, म्हणजे त्याचे वडील, म्हणाले, "चालती गाडी विकून दुसरी कशाला?" तेव्हां तो मजकडे आला. "काका, तुम्हीच बाबांना समजावून सांगा."

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पदार्थविज्ञानांत मला गति आहे असें नाहीं. परंतु ३९ वर्षें मुलांना इतिहास शिकविल्यामुळें, कोणत्याहि वस्तूविषयीं मत देण्यापूर्वीं ती येथवर कशी आली तें पाहावें, ही खोड मला जडली आहे. म्हणून मीं निवाडा पुढें ढकलला आणि वाचावयास बसलों. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

सायकलीचा पहिला सांगाडा लाकडाचा होता. जर्मनींतील मानहाइम येथें १८१७ सालीं कार्ल फॉन ड्राइस यानें दोन चाकें एकामागें एक जोडून जें वाहन काढलें, त्यास पायडल नव्हतें. बसणारानें जमिनीवर पाय मारीत जावयाचें. १८६० नंतर पॅरिसमध्यें पुढच्या चाकास पायडल बसलें आणि लाकडाची जागा लोखंडानें घेतली. फरसबंदी रस्त्यावर या गाडीनें हाडें अशीं खिळखिळीं होत कीं, इंग्रजांनीं तिला "हाडें हलविणारी" असेंच नांव दिलें. पुढें पुरुषभर उंचीचें पुढचें चाक आलें, तेंहि गेलें. आणि १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें "रोव्हर" नांवाची जी सायकल केली, तिच्यापासून सायकलीचा सांगाडा आज आपण पाहतों त्या रूपाकडे वळला. तीन वर्षांनीं, १८८८ सालीं, बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेचा टायर केला. एवढ्यावर सायकलीचें रूप ठरलें. यानंतरचा शंभर सवाशें वर्षांचा सारा खटाटोप रूपासाठीं नव्हे, तर द्रव्यासाठीं आहे.

पोलादाचें राज्य फार काळ चाललें, आणि त्याचें श्रेय मी बर्मिंगहॅमच्या एका खिळेवाल्याच्या घराण्यास देईन. रेनॉल्ड्स यांचा धंदा खिळे करण्याचा. आल्फ्रेड रेनॉल्ड्स यानें असें पाहिलें कीं, सायकलीची नळी मध्यें पातळ असली तरी चालते, परंतु टोंकाशीं, जेथें ती दुसरीस जोडावयाची, तेथें ती जाड हवी. कारण सांध्याच्या आंचेनें धातु दुबळा होतो. सबंध नळी जाड केली तर वजन वाढतें. मग नळी टोंकाशीं जाड व पोटांत पातळ कां करूं नये? बाहेरून पाहतां नळी सारखीच. फरक तो आंत. या युक्तीचें पेटंट त्यानें १८९७ सालीं घेतलें. त्याच कारखान्यानें १९३५ सालीं मँगॅनीज व मॉलिब्डेनम घातलेलें "५३१" नांवाचें पोलाद काढलें आणि पुढें कित्येक वर्षें युरोपांतील शर्यतवाल्यांना दुसरें कांहीं सुचेना. फ्रान्सची मोठी शर्यत, टूर द फ्रान्स, स्पेनच्या मिगेल इंदुराइननें १९९४ सालीं जिंकली तीहि पोलादी सांगाड्यावरच.

माझी स्वतःची सायकल पोलादीच. १९७८ सालीं, नोकरी लागल्यावर, घेतलेली. वजन वीस किलोच्या घरांत. दांडीवर एक मूल आणि कॅरियरवर वह्यांचा गठ्ठा घेऊन ती मला निवृत्तीपर्यंत शाळेंत नेत राहिली. तिची फ्रेम एकदां सांध्याशीं उखडली, तेव्हां कोपऱ्यावरच्या लोहारानें अर्ध्या तासांत जोडून दिली.

आतां अॅल्युमिनियम. ही धातु स्वस्तांत काढण्याची विजेची रीत अमेरिकेंत हॉल यानें व फ्रान्समध्यें एरू यानें, एकमेकांस ठाऊक नसतां, १८८६ सालीं शोधली. आणि दहा वर्षांच्या आंतच अमेरिकेंत अॅल्युमिनियमच्या सायकली निघाल्याहि. मग त्या मागें कां पडल्या? येथें थोडें गणित केलें पाहिजे. अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश वजनाचें. परंतु त्याचा ताठरपणाहि सुमारें एक-तृतीयांशच. म्हणजे पोलादी नळीइतकीच रुंद व जाड नळी अॅल्युमिनियमची केली, तर ती हलकी होते खरी, पण तितकीच लवचीकहि होते. चढावर उभें राहून पायडल मारतांना सांगाडा वेतासारखा वांकतो. ही अडचण नळीची रुंदी वाढविल्यानें सुटते. नळी दुप्पट रुंद व निम्म्या जाडीची केली तर वजन तेंच राहतें, पण वांकण्यास विरोध चौपट होतो. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकांत गॅरी क्लाइन यानें या मार्गानें सांगाडे केले, आणि १९८३ पासून कॅननडेल कंपनीनें जाड नळ्यांच्या सायकली बाजारांत आणल्या. आज रस्त्यावर मनगटाएवढ्या नळ्यांच्या सायकली दिसतात त्यांचें कारण हें. शोभेसाठीं नव्हे तें.

अॅल्युमिनियमची एक खोड मात्र रुंदीनें जात नाहीं. आगगाडीचे आंस वर्षानुवर्षें नीट चालून एके दिवशीं अचानक कां मोडतात, याचा शोध जर्मनींत आउगुस्ट व्योलर यानें गेल्याच्या मागच्या शतकांत लावला. धातूवर लहानसा ताण लक्षावधि वेळां पडला कीं ती थकते. पोलादाला एक मर्यादा आहे; तिच्या खालचा ताण तें जवळजवळ अनंत वेळां सोसतें. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं. त्याच्या प्रत्येक सांगाड्याला आयुष्य आहे; तें दीर्घ असूं शकतें, परंतु अमर्याद नाहीं. हें वाक्य वाचलें त्या दिवशीं मीं त्याखालीं पेन्सिलीची रेघ ओढली, आणि तिचा उपयोग पुढें झाला.

कर्बाची कथा याहून विलक्षण आहे. एडिसनच्या दिव्यांतील तार ही जळालेल्या सुताची व पुढें बांबूची, म्हणजे कर्बतंतूच होता. पण त्याला बळ नव्हतें. बळकट तंतु १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन यास प्रयोगशाळेंत आढळला. थोड्याच काळांत जपानांत अकिओ शिंदो यानें व इंग्लंडांत फार्नबरो येथें विल्यम वॉट व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो कृत्रिम धाग्यापासून करण्याची रीत बसविली. हा तंतु माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक. एकटा तो निरुपयोगी. राळेंत भिजवून, थरावर थर देऊन, सांच्यांत तापवून घट्ट केला म्हणजे त्याचें सामर्थ्य प्रकट होतें. आपल्या बांबूची घडण अशीच आहे. तंतूच्या दिशेनें ओढल्यास तुटत नाहीं, आडवा घाव घातल्यास चिरतो. म्हणून कोणता थर कोणत्या दिशेनें घालावयाचा यांतच कारागिराचें कसब. हे थर आजहि बहुतांशीं माणसांच्या हातांनींच लावले जातात.

या गुणदोषाचा अनुभव रोल्स-रॉइस कंपनीस आला. तिनें आपल्या नव्या विमानयंत्राच्या पुढील पंख्यास कर्बाचीं पातीं लावलीं. उडतां पक्षी यंत्रांत शिरला तर काय, म्हणून १९७० सालीं त्यांवर कोंबडी झाडून परीक्षा घेतली, आणि पातीं टिकलीं नाहींत. टायटॅनियमकडे वळावें लागलें. १९७१ च्या फेब्रुवारींत कंपनीचें दिवाळें निघालें. कारणें अनेक होतीं, पण हें त्यांतील एक. त्याच १९७१ सालीं जपानच्या तोरे कंपनीनें हा तंतु व्यापारी प्रमाणावर करण्यास आरंभ केला. विमानवाले बिचकत होते. मग गिऱ्हाईक कोण? मासे धरण्याच्या काठ्या आणि गोल्फचे दांडे! श्रीमंतांच्या खेळानें या तंतूस जगविलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

सायकलींत कर्ब आला तो प्रथम नळ्यांच्या रूपानें, धातूच्या सांध्यांत चिकटविलेला. आणि ते सांधे पुष्कळदां सुटत. १९८६ सालीं अमेरिकेच्या केस्ट्रेलनें सांध्यांवांचून सबंध सांगाडा केला. १९९२ सालीं बार्सेलोना येथील ऑलिंपिकमध्यें ख्रिस बोर्डमननें लोटसच्या अखंड कर्बी सायकलीवर सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां सर्व जगाचे डोळे तिकडे वळले. १९९८ सालीं पँतानीनें टूर जिंकली ती अॅल्युमिनियमवर. तेथून पुढें त्या शर्यतींत कर्बाचेंच राज्य. गाड्या इतक्या हलक्या होऊं लागल्या कीं, २००० सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघास ६.८ किलोहून हलकी सायकल शर्यतींत नको, असा नियम करावा लागला. त्या आधींच, १९८७ च्या सुमारास, तैवानच्या जायंट कंपनीनें हे सांगाडे मोठ्या संख्येनें करण्यास प्रारंभ केला होता. माझ्या पुतण्यासारख्यांच्या खिशाला कर्ब आज निदान शिवूं तरी शकतो, तो तैवानच्या व मागाहून चीनच्या कारखान्यांमुळें.

इतकें वाचून मीं त्याला बोलाविलें. कागद घेतला. "तुझें वजन किती?" "सत्तर." "गाडी, पाण्याची बाटली धरून?" "दहा." "कर्बानें किती वांचेल?" तो म्हणाला, एक किलो. म्हणजे ऐंशींत एक. सिंहगडाचा घाट चढावयास तास लागत असेल, तर फार तर पाऊण मिनीट वांचलें. शिवाय त्या किमतींत सांगाडा कर्बाचा देऊन विकणारा चाकें व गिअर हलक्या प्रतीचे घालतो. तोललें तर वांचलेलें वजन अर्ध्या किलोचेंहि नसावयाचें. मुलगा हिरमुसला. कर्बाच्या बाजूनें मी हेंहि बोललों कीं, तो रस्त्याचा खडखडाट अधिक गिळतो, आणि त्याला हवा तसा आकार देतां येतो. पण पडल्यावर धातूला पोंचा येतो, तो डोळ्यांना दिसतो. कर्ब वरून गुळगुळीत आणि आंत फाटलेला असूं शकतो.

निवाडा वडील बंधूंच्या बाजूनें जाणार होता. त्याआधीं, विकावयाची झाली तरी गाडी स्वच्छ असावी, म्हणून आम्ही दोघांनीं ती अंगणांत धुतली. पायडलांच्या आंसाजवळच्या सांध्यावर एक केसासारखी रेघ दिसली. तो म्हणाला, "रंगाची आहे." मीं नख फिरविलें, नख अडकलें. रंग खरवडला तों रेघ धातूंत गेलेली. सात वर्षें तो तिजवरून घाट उतरला होता, ताशीं पन्नास किलोमीटरनें.

मीं वडील बंधूंना खालीं बोलावून ती रेघ दाखविली. ते कांहीं वेळ वांकून पाहत राहिले आणि म्हणाले, "ही आतां विकायची नाहीं. कुणाचा तरी मुलगा बसेल तिच्यावर." सांगाडा करवतीनें कापून भंगारांत दिला, चाकें व गिअर काढून ठेविले आहेत. नवी कोणती घ्यावयाची तें दिवाळीस ठरेल. माझें मत चांगल्या अॅल्युमिनियमच्या बाजूनें आहे, मुलाचें अद्याप कर्बाच्या. आणि त्याच्या वडिलांनीं तूर्त दोन्हींचे भाव विचारले आहेत. तोंवर तो माझी पोलादी सायकल नेतो. परवां तिजवर खडकवासल्यापर्यंत जाऊन आला, दोन पेले पाणी प्याला आणि म्हणाला, "काका, ब्रेक लागत नाहींत हो हिचे." रबरें झिजलीं होतीं. तीं बदलून घेतलीं.